चुलीवर आळ

आमच्या घरात पाण्याची वाटणी आईच्या हातात होती आणि तिच्या निकालावर अपील नव्हतं. नळाला पाणी दिवसाआड यायचं, कधी तेही चुकायचं. आलं की आधी पिण्याचे माठ भरायचे, मग स्वयंपाकाच्या कळश्या, मग अंघोळीचं पिंप, मग धुण्याभांड्याचं. एवढं भरून नळ चालू राहिला तर उरलेलं बाबांच्या फोटोंना. बाबांचा सोलापुरात नवी पेठेच्या एका बोळात लहानसा स्टुडिओ होता. दुकानात एक बाक, एक पडदा आणि कॅमेरा ठेवल्यावर माणसाला वळायलाही जागा उरत नव्हती, म्हणून फोटो तिथे काढले जायचे आणि कागदावर छापले जायचे घरी. स्वयंपाकघरामागची कोठीची खोली हीच आमची डार्करूम. तिच्या झरोक्याला जाड काळं कापड ठोकलेलं होतं, आणि दार लावलं की त्याच्या फटीत बाबा जुन्या चादरीची सुरळी कोंबायचे. आत लाल दिवा, एन्लार्जर, तीन ट्रे, आणि एका कोपऱ्यात ज्वारीचं पोतं, कारण कोठीचं काम कोठीने सोडलेलं नव्हतं. शेजारच्या घरांत दिवसभर माग चालायचे. त्यांची खडखड भिंतीतून आत यायची आणि ट्रेमधल्या पाण्यावर बारीक शहारे उठायचे.

मी अकरावीत सायन्सला होते. दुपारी कॉलेजातून यायचं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायची, हात साबणाने दोनदा धुवायचे आणि आत शिरायचं. हात दोनदा, कारण चटणीचं तेल कागदाला लागलं तर त्या जागी चित्र उमटवणारा डेव्हलपर धरत नाही आणि नवरदेवाच्या गालावर बोटाचा ठसा उमटतो. बाबांनी मला शिकवलं ते असंच, काय करायचं नाही ते सांगून. निगेटिव्ह उलटी लावायची नाही. लावलीस तर बाईचा पदर उजव्या खांद्यावर जातो आणि सगळी भावकी विचारते, ही कुठली गुजरातची सून आणली. कागदाचा डबा उघडा टाकून दार उघडायचं नाही. डेव्हलपरच्या ट्रेमधला चिमटा चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत बुडवून परत डेव्हलपरमध्ये घालायचा नाही, तेवढ्याने अख्खा ट्रे नासतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, लाल उजेडाला भुलायचं नाही. लाल दिव्याखाली फोटो लवकर काळा दिसायला लागतो, माणूस घाबरतो, झटकन उचलून हायपोत टाकतो, आणि बाहेर आणून बघावं तर सगळी वरात राख फासल्यासारखी करडी. "घाई करायची असेल तर मागावर जा," बाबा म्हणायचे, "हितं थांबायचं काम आहे."

आता माझ्याकडे पोरं हे शिकायला येतात. महागाचे कागद आणतात, मोबाइलवर तापमान बघतात, आणि तरीही तीच चूक करतात, फोटो लवकर उचलतात. मी त्यांना म्हणते, हात पाठीमागे बांधून उभे राहा. सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र नुसतं थांबून भागत नाही. डेव्हलपर गरम होतो, फोटो पळत सुटतो आणि पांढरा भाग मळकट होतो. आम्ही ट्रेखाली पसरट परात ठेवायचो आणि तिच्यात ओलं गोणपाट. सरबतवाल्याकडून बर्फाचा खडा आणला तर तो परातीत जायचा, ट्रेमध्ये कधीच नाही. एकदा धाकट्या भावाने तो चोखायला उचलला आणि आईने त्याला तोंड धुवायला लावलं. त्याच्या तोंडासाठी मात्र नको तेवढं पाणी मिळालं.

हे सगळं नीट करणारे बाबा शेवटी येऊन एका ठिकाणी चुकायचे, आणि ते चूक आहे हे त्यांना ठाऊक होतं. फोटो हायपोतून काढला की त्याच्या कागदात हायपो मुरलेला असतो. तो धुऊन काढावा लागतो, पाणी बदलत बदलत, भरपूर वेळ. आमच्याकडे एका घंगाळात सगळे फोटो एकावर एक टाकले जायचे, वर दोन तांबे पाणी फिरायचं, की लगेच मोरीवरच्या दोरीला चिमट्याने अडकवायचे. दिसायला फोटो झकास असायचा. गिऱ्हाईक खूश होऊन घेऊन जायचं. राहिलेला हायपो कागदात बसून आपलं काम करत राहायचा.

त्या हिवाळ्याच्या शेवटी सोनाबाई दुकानात आल्या. उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातल्या, पोराच्या लग्नाला बाबांनाच बोलावलेलं. पिशवीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेली फ्रेम काढली. नवरा-नवरीचा मोठा फोटो, आणि तो चहा सांडल्यासारखा पिवळा पडलेला. नवरीचा चेहरा तर अर्धा गेलाच होता. सोनाबाईंना राग आलेला नव्हता. उलट त्याच ओशाळल्यासारख्या बोलत होत्या.

"लई जपला हुता ओ भाऊ. उनात न्हाय लावला, पोरास्नी हात लावू दिला न्हाय. मग आसं का झालं म्हनायचं?"

बाबांनी फ्रेम उजेडाकडे धरली. मी बाकावर पाकिटं चिकटवत बसले होते. बाबांनी फ्रेम जितका वेळ बघितली तितका वेळ बघण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

"लावला कुठं होता?"

"सोप्यात. चुलीच्या वरल्या अंगाला."

"मग धूर," बाबा म्हणाले. "चुलीच्या धुरानं होतं हे."

"व्हय की! मला वाटलंच," सोनाबाई म्हणाल्या. त्यांना कारण मिळालं याचंच बरं वाटलं. "दुसरा काडून द्या मग. उन्हाळ्यात बाजाराला येतीया तवा न्हेते."

त्या गेल्यावर मी विचारलं, "बाबा, धुरानं?"

"पाकिटं चिकटव."

"हायपो राहिलाय म्हणून झालंय ना ते?"

"पाणी कुठून आणू?" बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुझ्या आईला सांग, दोन दिवस स्वयंपाक करू नको, फोटो धुवायचेत. सगळी दुनिया अशीच धुते."

मला बाबांचा राग आला नाही, असं मी लिहिणार होते. आला होता. हा माणूस निगेटिव्हवरचा केस काढायला ब्रश ओठात धरून श्वास रोखायचा, आणि त्याच तोंडाने तो धूर म्हणाला. शिवाय सोनाबाईंचा दुसरा फोटोही त्याच घंगाळातून जाणार, तोही त्या बाईच्या डोळ्यांदेखत पिवळा पडणार, आणि पुन्हा चूलच गुन्हेगार ठरणार. तो फोटो तसा जाऊ द्यायचा नाही, एवढं मी त्या बाकावर ठरवलं. कसं, ते ठरवलं नव्हतं.

पुढचं आईच्या मेथीने ठरवलं. उन्हाळा लागला की गावात जुलाबाची साथ यायची. आई दवाखान्यात आया होती, तिला ते आधी कळायचं. मग घरात पालेभाजी लाल औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय चिरायची नाही असा हुकूम निघायचा. लाल औषध म्हणजे विहिरीत टाकतात ते परमँगनेट. चिमूटभर खडे टाकले की परातभर पाणी गुलाबी होतं. त्या दिवशी तिने मेथीची परात मोरीत ठेवली, आणि वर दोरीवर बाबांचे ओले फोटो.

"सुजे, हिकडं ये," तिने हाक मारली. "ह्या पाण्याला काय झालं बघ."

फोटोंचे थेंब परातीत पडत होते आणि जिथे पडत होते तिथे गुलाबी रंग विरत होता. मधोमध पाणी नुसतं पिवळट झालेलं. मी बघत उभी राहिले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हायपोचे थेंब टाकून आम्ही आयोडीनचा रंग घालवत असू. तो हायपो आणि आमच्या घरातला हायपो एकच, ही गोष्ट माझ्या डोक्यात तोपर्यंत आलीच नव्हती.

"आई, हे हायपोमुळे झालं. फोटो धुतलेच गेले नाहीत."

"म्हणजे मेथीत हायपो पडला?"

"पडला."

आईने अख्खी मेथी, पाण्यासकट, बाहेर नेऊन टाकली. मग बाबा आल्यावर तिने जे सुनावलं त्यात फोटोचा विषय शेवटी आला, मेथीचा आधी. मी काचेच्या दोन वाट्यांत गुलाबी पाणी घेतलं. एकीत नळाचे थेंब टाकले, दुसरीत बाबांच्या फोटोचे निथळलेले. पहिली तशीच राहिली. दुसरीचा रंग गेला. बाबा बघत राहिले.

"आता पाणी देशील?" मी आईला विचारलं.

"माझ्या पिंपाला हात लावायचा नाही," आई म्हणाली. "तुझा फोटो पिवळा पडला तर माणूस मरत नाही. बाहेरनं आण, कुठनं आणायचं तिथनं आण."

ती बरोबर बोलत होती. आजही मला त्यात खोट काढता येत नाही.

बाहेरचं पाणी म्हणजे लक्ष्मक्काची विहीर. आमच्या मागच्या अंगणापलीकडे तेलुगू विणकरांचं घर होतं, लक्ष्मक्का त्या घरातली थोरली. तिच्या आडाला बारमाही पाणी, पण मचूळ. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहा केला तर दूध फाटतं. सूत भिजवायलासुद्धा ते पाणी चालत नसे, म्हणून आडावर फक्त कावळे असायचे.

"अक्का, आडाचं पाणी घेऊ?"

"घे की. कशाला पाहिजे, अम्मा?"

"फोटो धुवायला."

लक्ष्मक्का मनापासून हसली. "ह्या पाण्यानं तोंड धुतलं तर तोंड पांढरं होतंय. फोटोतली माणसं गोरी होतील बघ."

घरी सांगितलं तेव्हा बाबाही हसले. खारट पाण्याने कागदावर पांढरे डाग पडतात, हे त्यांना माहीत होतं आणि ते खरंही होतं. पण मी ठरवलं होतं की बघितल्याशिवाय ऐकायचं नाही. रद्दीतले, खराब निघालेले फोटो घेतले आणि आडाच्या पाण्यात धुवायला लागले. एकावर एक टाकले नाहीत, एकेक वेगळा ठेवला, कारण चिकटून बसलेल्या दोन कागदांच्या मधे पाणी जातच नाही, वर कितीही ओता. पाणी फिरवायचं, काढायचं, नवं घ्यायचं, आणि दर वेळी फोटो एका कोपऱ्याने धरून शेवटचे थेंब गुलाबी वाटीत निथळायचे. शेजारच्या गुलाबी वाटीत नुसत्या आडाच्या पाण्याचे थेंब, कारण त्या पाण्यानेही रंग जरा मळतो आणि तुलना केली नाही तर आपणच आपल्याला फसवतो. नळाच्या पाण्यापेक्षा आडाच्या पाण्याने काम उशिरा होईल असं मी धरून चालले होते. झालं उलटं. मचूळ पाण्यात हायपो लवकर सुटत होता. खारट पाणी हायपोला कागदातून लवकर बाहेर काढतं, ही जुनी माहितीतली गोष्ट आहे असं मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा मला फक्त वाटी दिसत होती आणि ती गुलाबी राहिली होती.

मग पांढऱ्या डागांचं. आडाच्या पाण्यानंतर शेवटी गोड्या पाण्यात दोनदा बुडवायचं आणि मऊ ओल्या फडक्याने दोन्ही बाजू हलकेच पुसून घ्यायच्या, एवढं केलं की डाग पडत नाहीत. गोडं पाणी लागायचं ते दोन तांबे. ते आईने दिलं, मी माझ्या अंघोळीतून कापून घेईन या बोलीवर.

सोनाबाईंच्या पोराची निगेटिव्ह काढली तेव्हा ऊन पेटलेलं होतं. कोठीत घाम गळून ट्रेमध्ये पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधलं. पहिला फोटो गरम डेव्हलपरने मळकट झाला, तो फाडला. दुसऱ्यात नवऱ्याचा फेटा कागदाइतकाच पांढरा राहिला, त्याचे पीळ दिसेनात, तोही फाडला. बाबा दाराबाहेरून म्हणाले, "कागद फुकट येतो का गं?" मी उत्तर दिलं नाही, कारण तोंड उघडलं की लक्ष जातं. पुढच्या वेळी फेट्यापुरता उजेड थोडा जास्त दिला, बाकीच्यावर तळहाताची सावली धरली, हात सतत हलता ठेवला म्हणजे सावलीची कड उमटत नाही. मग डेव्हलपरमध्ये टाकून हात मागे बांधून उभी राहिले. लाल उजेडात नवरीचा चेहरा नको तितका काळा व्हायला लागला. मी थांबले. अजून थांबले. बाहेर आणून बघितला तेव्हा तो बरोबर होता. पीळ दिसत होते, डोळे दिसत होते, नवरी थोडी चिडलेली आहे हेही दिसत होतं. मग आडाचं पाणी, वाटी, पुन्हा पाणी, पुन्हा वाटी.

बाबांनी तो फोटो दोरीवरून उतरवला, मागून-पुढून बघितला आणि कोपरा चक्क जिभेला लावला. हायपोची खारट-तुरट चव लागते का बघत होते.

"लागत नाही काही," ते म्हणाले. तेवढंच.

सोनाबाई आल्या त्या दिवशी मी दुकानातच होते. फोटो बघून त्या खुलल्या. "झ्याक आलाय की ओ! आन आता काय बी भ्या न्हाय. चूल भाईर काडली म्या."

बाबांचा हात पाकिटावर थांबला. "बाहेर म्हणजे?"

"भाईर, आंगनात. तुमी म्हनला की धुरानं हुतं. घरी गेले तवाच उपसून काडली. सून लई कुरकुरती, उनात भाकरी बडवाय लागत्यात म्हनून. म्या म्हनलं, तुजाच तर फोटू हाय, जरा सोस की."

सुनेला उन्हात बसवलं होतं. एप्रिलच्या. दुकानाबाहेर रिक्षांचा गोंगाट चालला होता. मी बोलणार होते, पण तो खोटेपणा माझा नव्हता, आणि तो ज्याचा होता तो समोर उभा होता. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. लाल दिव्याखाली थांबते तशी थांबले.

"सोनाबाई," बाबा शेवटी म्हणाले, "धुरानं नव्हतं झालं."

"आँ?"

"आमचं धुणं कमी पडलं होतं. पाणी कमी घातलं. चूक आमची. मी तुमास्नी धूर म्हनून सांगितलं."

सोनाबाईंनी फोटो बाकावर ठेवला. पिवळ्या फोटोच्या वेळी ओशाळलेली ही बाई आता जी भडकली, ती बघून समोरचा कापडवाला दुकानातून बाहेर आला. "आन म्या पोरीला भाईर बसवली व्हय ओ! तिच्या मायला कळलं, ती येऊन भांडून गेली. म्या भांडले तिच्यासंगं, तुमच्या धुरापायी! आता म्या कोनच्या तोंडानं सांगू? चला. तुमी चला गावाला. तुमीच सांगा तिला."

"येतो," बाबा म्हणाले.

"ही बी येऊ दे," सोनाबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

एसटीतून उतरून उसाच्या कडेने चालत गेलो. धरणाच्या पाण्यावर उपशाच्या मोटारी चालू होत्या, त्यांचा धडधडाट आमच्याकडच्या मागांसारखाच एकसुरी. अंगणात सून भाकरी थापत होती. मंगल तिचं नाव. डोक्यावर ओला टॉवेल, एका काठीला बांधलेलं गोणपाट, त्याची सावली चुलीवर पडत होती आणि तिच्यावर नाही. बाबांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. मंगलने भाकरी उलटली, फुगू दिली, मग वर बघितलं.

"म्हंजे धूर न्हवताच?"

"नव्हता."

ती सासूकडे वळली. "आत्याबाई, ऐकलं न्हवं?"

"ऐकलं. आन की आत चूल. म्या कवा न्हाय म्हनलं?"

"आत कशाला आता? आत धूर माझ्या डोळ्यात जातोय, फोटूचं जाऊ दे. भाईर वारा तरी हाय. वर पत्रा घालून द्या, चार खांब रोवा. म्या हितंच बसते."

बाबा अंगणाची लांबी डोळ्यांनी मोजायला लागले, जणू खांब त्यांनाच रोवायचे होते. मी फोटो पुढे केला. मंगलने हाताचं पीठ पदराला पुसलं आणि तो धरला, कडेला धरला, मधे बोट लावलं नाही. बराच वेळ बघितला.

"म्या चिडले हुते त्या येळंला," ती म्हणाली. "ह्यांचा फेटा बांधून हुईना, वाट बघून बघून." मग माझ्याकडे बघून, "ह्यो तू काडला?"

"काढला बाबांनी. कागदावर मी उतरवला."

"आन ह्यो बी पिवळा पडला मग?"

बाबा काहीतरी बोलणार होते. मी आधी बोलले. "पडला तर चुलीला बोल लावायचा नाही. नवी पेठेत यायचं आणि मला विचारायचं."

"तुला म्हंजे? नाव काय तुझं?"

"सुजाता."

"सुजाता," ती म्हणाली. तिने सासूला हाक मारली. "आत्याबाई, नाव ध्यानात ठिवा." आणि पुन्हा तव्याकडे वळली, कारण भाकरी करपायला लागली होती.